दात लवकर सरळ व्हावेत म्हणून हाडाला छिद्रं पाडावीत का?

(हे आपल्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना जे पाल्हाळ झालं ते कापलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर एसटीत बसून वाचा.)

 

आजचा विषय दातांचा. खरं तर हाडांचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असं एखादं रील बघितलं असेल. आधी वेडेवाकडे दात, मग डॉक्टरांच्या हातात पेनासारखं एक यंत्र, मग एकदम ओळीत उभे राहिलेले दात, आणि खाली मोठ्या अक्षरात: "ब्रेसेस आता निम्म्या वेळात!" मधलं ते यंत्र नेमकं काय करतं, ते मात्र रीलमध्ये झटक्यात निघून जातं. ते यंत्र हिरडीतून थेट जबड्याच्या हाडाला भोक पाडतं, किंवा हाडावर चीर देतं. हो, मुद्दाम. दात लवकर सरकावेत म्हणून.

मी डॉक्टर नाही. बीटेक केलेला, कोल्हापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेले आठ महिने माझ्या तोंडात तार आहे, आणि ती बसवायच्या आधी हा पर्याय माझ्याही समोर ठेवला गेला होता. हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला मला पंधरा दिवस मिळाले. त्या पंधरा दिवसांत मी जे वाचलं, डॉक्टरांना जे विचारलं, आणि कागदावर जो हिशोब मांडला, तो आज तुमच्यासमोर मांडतोय. निर्णय तुमचा तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा.

दात सरकतो म्हणजे काय होतं?

आपल्याला वाटतं, दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. मग खिळा भिंतीतून आडवा सरकेलच कसा?

तर दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. तिला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन कागद एकावर एक ठेवल्यासारखी. दाताला ब्रॅकेट चिकटवून तारेनं एका बाजूला ओढलं की त्या बाजूची गादी दाबली जाते आणि उलट्या बाजूची ताणली जाते. दाबलेल्या बाजूला ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जमतात आणि हाड खातात. ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट पेशी येतात आणि नवीन हाड भरतात. पुढचं हाड खणलं जातंय, मागचं भरलं जातंय, आणि मधून दात हळूहळू पुढे चाललाय.

म्हणजे दात सरकवायचं खरं काम तार करत नाही. तार फक्त ऑर्डर देते. काम आपलंच शरीर करतं, आणि शरीर आपल्या गतीनं करतं. ही गती साधारण महिन्याला १ मिलिमीटर धरतात. कुणाची थोडी कमी, कुणाची थोडी जास्त.

मग तार जोरात ओढली तर? मलाही आधी हेच सुचलं. पण जोर वाढवला की गादीतल्या रक्तवाहिन्या चेपतात, तिथला रक्तपुरवठा थांबतो, आणि तो भाग मेल्यासारखा होतो. आता हाड खाणाऱ्या पेशींना समोरून येता येत नाही, त्यांना मागच्या बाजूनं पोखरत यावं लागतं. दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. शिवाय मुळाला धोका होतो तो वेगळाच. म्हणून चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट हलक्या हातानं ओढतो. जोर करून इथं काही मिळत नाही.

मोठ्यांमध्ये ब्रेसेसचा पूर्ण उपचार सरासरी वीसेक महिने चालतो. अवघड केस असेल तर दोन वर्षांच्या पुढे. लग्न, नोकरी, परदेशी जाणं, फोटो, इंटरव्ह्यू, सगळं याच वयात येतं. त्यामुळे "लवकर होईल का?" हा प्रश्न काही नुसता हौसेचा नाही.

हाड कापायची कल्पना आली कुठून?

ही कल्पना रीलच्या जमान्यातली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीही असे तुरळक प्रयोग झाले होते. पण पद्धतशीरपणे ती मांडली ऑस्ट्रियातले सर्जन हाइनरिश कोले यांनी, १९५९ मध्ये. त्यांचा तर्क इंजिनिअरला पटेल असा होता. जबड्याच्या हाडाचं बाहेरचं कवच टणक असतं, आतला भाग जाळीदार आणि मऊ. अडवतं ते कवच. मग दातांच्या मध्ये कवचाला उभ्या चिरा दिल्या तर प्रत्येक दात आपापल्या हाडाच्या ठोकळ्यासकट सरकेल. बर्फाच्या ट्रेमधल्या खड्यांसारखा. यालाच पुढे 'हाडाचा ठोकळा' सिद्धांत म्हणायला लागले. काही आठवड्यांत दात मोठं अंतर कापतात, असा त्यांचा अनुभव होता.

पण शस्त्रक्रिया मोठी होती. हिरडी पूर्ण उलगडून हाड उघडं करायचं, मग कापायचं. दात सरळ करायला एवढं कोण करून घेणार? पद्धत फार पसरली नाही.

मग आले हॅरॉल्ड फ्रॉस्ट. हे दातांचे नव्हेत, हाडांचे डॉक्टर, अमेरिकेतले. त्यांच्या लक्षात आलं की हाडाला इजा झाली की फक्त त्या जागेपुरती दुरुस्तीची गती खूप वाढते. आजूबाजूचं हाड थोडा काळ मऊ पडतं, पेशींची धावपळ वाढते, जुनं मोडून नवं बांधणं जोरात सुरू होतं. १९८३ च्या त्यांच्या लेखानंतर या प्रकाराला रीजनल अ‍ॅक्सिलरेटरी फिनॉमेनन हे नाव रुळलं. मराठीत सांगायचं तर जखमेच्या जागेपुरता आलेला वेग.

तिसरी पायरी अमेरिकेतल्या ईरी गावच्या दोन भावांची. विल्यम विल्को ऑर्थोडॉन्टिस्ट, थॉमस विल्को हिरड्यांचे सर्जन. त्यांनी कोलेंसारख्या, पण उथळ चिरा दिल्या, वरून हाडाची पूड भरली, आणि नंतर सीटी स्कॅन काढून बघितलं. तर ठोकळे कुठं सरकलेलेच नव्हते! उलट चिरांच्या आजूबाजूच्या हाडातली खनिजं कमी झालेली दिसत होती, आणि नंतर ती परत भरली होती. म्हणजे कोलेंचा कोड चालत होता, पण त्यावरची कॉमेंट चुकीची होती. दात सुटे झाल्यामुळे पळत नव्हते. जखम भरून काढायला निघालेल्या शरीरानं हाड तात्पुरतं मऊ केलं होतं, आणि त्या मऊ हाडातून दात पटकन जात होते. २००१ मध्ये त्यांनी दोन रुग्णांच्या केस प्रसिद्ध केल्या. उपचार सहा-सात महिन्यांत संपला होता.

आपल्या भागातल्या पोरांना हे एका शब्दात कळेल: वापसा. रान कोरडं ठणठणीत असलं की नांगर लागत नाही. पाणी पाजलं की लगेच चिखल. मध्ये जे काही दिवस मिळतात, जमीन मऊ पण पाय न रुतणारी, तो वापसा. शेतकरी त्या दिवसांत हातातली बाकीची कामं टाकून रानात जातो. हाडाला चीर देणं म्हणजे वापसा आणणं. आणि वापसा टिकत नाही. हाडातला हा वेग पहिल्या एक-दोन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, मग उतरत जातो, आणि साधारण चार महिन्यांत बराचसा ओसरतो.

हा शेवटचा मुद्दा डोक्यात ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

आज काय काय करतात?

पहिली, कॉर्टिकोटॉमी. विल्को बंधूंची पद्धत याच घरातली. हिरडी उलगडून हाडावर चिरा, बहुतेक वेळा वर हाडाची पूड. सगळ्यात मोठी शस्त्रक्रिया, आणि वेगाचा परिणामही सगळ्यात ठळक. पूड भरल्यामुळे पुढचं पातळ हाड जाड होतं, हा वेगळा फायदा.

दुसरी, पिएझोसिजन. २००९ मध्ये बॉस्टनच्या सर्ज डिबार्ट आणि सहकाऱ्यांनी मांडली. हिरडी उलगडायची नाही. दातांच्या मध्ये हिरडीला छोट्या उभ्या चिरा, आणि त्यातून अल्ट्रासाउंडच्या कंपनांवर चालणाऱ्या सुरीनं हाडावर काही मिलिमीटर खोल रेघ. ही सुरी टणक हाड कापते, मऊ भागाला तेवढी इजा करत नाही.

तिसरी, मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन. नाव लांबलचक, काम छोटं. चीर नाही, टाके नाहीत. बारीक स्क्रूसारख्या अवजारानं हिरडीतून हाडाला दोन-तीन भोकं. भूल फक्त त्या जागेपुरती. रीलमध्ये बहुतेक वेळा हीच दाखवतात.

चौथी, डिस्ट्रॅक्शन. ही वेगळ्या जातीची. पाय लांब करायच्या शस्त्रक्रियेत जसं हाड कापून रोज थोडं थोडं ताणतात, तसं इथं उपदाढ काढून झालेल्या रिकाम्या जागेत सुळा स्क्रूनं रोज थोडा मागं ओढायचा. तैवानच्या लिऊ आणि हुआंग यांनी १९९८ मध्ये दाखवलं की तीन आठवड्यांत सुळा मागं जाऊ शकतो. नंतर तुर्कस्तानातल्या अंकारामध्ये सुळ्याभोवतीचं हाडच मोकळं करून तो ओढायची पद्धत निघाली. आणि या दोन्हींची तुलना कुठं झाली? आपल्या शेजारी, बेळगावात. केएलई संस्थेच्या डेंटल कॉलेजमधल्या डॉ. विराज खरकर आणि डॉ. एस. एम. कोटरशेट्टी यांच्या गटानं २०१० मध्ये हे काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. रुग्ण मोजकेच होते, त्यांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलंय. पण एरवी ज्या सुळ्याला पाच-सहा महिने लागतात तो काही आठवड्यांच्या आत जागेवर नेता येतो, हे कोल्हापुरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर करून बघितलं गेलंय. म्हणजे हे काही फक्त अमेरिकेतलं फॅड नाही.

मग खरंच निम्मा वेळ लागतो का?

इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट उपयोगी पडली. आयबीएममधल्या जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये एक साधी गोष्ट सांगितली. प्रोग्रामचा एक तुकडा तुम्ही कितीही वेगवान करा, बाकीचा प्रोग्राम तसाच असेल तर एकूण फायद्याला मर्यादा राहते. कोल्हापूर-पुणे प्रवासात किणी टोलनाक्यावर फास्टॅगनं पाच मिनिटं वाचली म्हणून पुणे अर्ध्या वेळात येत नाही.

आता ब्रेसेसला हेच लावा. समजा उपचार २० महिन्यांचा. त्यात सुरुवातीचे काही महिने दात ओळीत आणण्याचे. मग उपदाढ काढलेली जागा बंद करायची, समजा ६ मिलिमीटर. मग शेवटी चावा नीट बसवणं, मुळांचे कोन सुधारणं, बारीकसारीक काम.

जागा बंद करायला महिन्याला १ मिलिमीटरनं ६ महिने लागतात. भोकं पाडली आणि वेग दुप्पट झाला, आणि तो पुरता टिकला, तर ३ महिने लागतील. वाचले ३. वीसाचे झाले सतरा. वेग दोनच महिने दुप्पट राहिला, तर पहिल्या २ महिन्यांत ४ मिलिमीटर आणि उरलेल्या २ मिलिमीटरला आणखी २ महिने. एकूण ४. वाचले २. वीसाचे झाले अठरा.

म्हणजे "दात दुप्पट वेगानं सरकतो" आणि "उपचार निम्म्या वेळात होतो" ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. पहिलं खरं असू शकतं आणि तरी दुसरं खोटं ठरू शकतं. रीलवाले पहिलं मोजतात आणि दुसरं सांगतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे.

दुसरी बाजूही सांगतो. पूर्ण जबड्याला एकदमच चिरा दिल्या, आणि केस फक्त थोड्या गर्दीची असली, जागा बंद करायचीच नसली, तर जवळजवळ सगळं काम वापशातच उरकतं. तिथं फायदा मोठा असू शकतो.

अभ्यास काय म्हणतात?

२०१३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या अलीखानी आणि सहकाऱ्यांनी २० जणांवर भोकांचा प्रयोग केला. सुळा २.३ पट वेगानं सरकला. पण हे मोजलं होतं २८ दिवसांपुरतं. २०१८ मध्ये जॉर्डनमध्ये ३२ जणांवर तीन महिने मोजलं. प्रत्येकाच्या एका बाजूला भोकं, दुसऱ्या बाजूला नाही. फरक? दखल घेण्याजोगा नाही. एकच युक्ती, दोन प्रयोग, दोन निकाल.

पिएझोसिजनचंही असंच. २०१६ मध्ये बेल्जियममध्ये २४ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, दातांची थोडी गर्दी असलेल्यांमध्ये, पूर्ण उपचाराचा काळ ४३ टक्क्यांनी कमी झाला. लक्षात घ्या, नुसता सुळ्याचा वेग नव्हे, पूर्ण काळ. त्यातल्या काहींच्या हिरडीवर व्रण मात्र राहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये खालच्या पटाशीच्या दातांवर असाच अभ्यास झाला, त्यात दखल घ्यावा असा फरक दिसला नाही.

कॉक्रेन ही संस्था सगळे अभ्यास गोळा करून त्यांचं एकत्र वजन करते. २०१५ च्या त्यांच्या आढाव्यात या शस्त्रक्रियांवरचे त्यांच्या निकषात बसणारे अभ्यास किती सापडले? चार. एकूण रुग्ण ५७. शस्त्रक्रियेच्या बाजूला दात महिन्याभरात ०.६१ मिलिमीटर आणि तीन महिन्यांत २.०३ मिलिमीटर जास्त सरकले होते. पण पुराव्याचा दर्जा कमी, असा त्यांचा शेरा. त्यानंतर अभ्यास बरेच आले, पण चित्र अजून मिश्रच आहे. मोठी शस्त्रक्रिया, तर परिणाम जास्त खात्रीचा. छोटी भोकं, तर परिणाम कधी दिसतो, कधी नाही.

म्हणजे यात फसवाफसवीच आहे का? नाही. हाडाचा वापसा खरा आहे. तो किती येतो, किती टिकतो, आणि तेवढ्या दिवसांत तुमचं किती काम आवरतं, त्यावर सगळं आहे.

वापसा आला आणि मालकच रानात नाही

एक व्यवहाराची गोष्ट जाहिरातीत नसते. एरवी तार बदलायला किंवा ओढायला चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात. अशी शस्त्रक्रिया झाली की दर दोन आठवड्यांनी जावं लागतं. दात भराभर सरकतोय, मग त्याला पुढची ऑर्डरही भराभर द्यायला हवी ना?

आता तुम्ही नोकरीला हिंजवडीत आणि डॉक्टर राजारामपुरीत, किंवा राहायला राधानगरीच्या आतल्या गावात आणि दवाखाना शाहूपुरीत, आणि दर पंधरवड्याला येणं जमणार नाही, तर पैसे देऊन आणलेला वेग वाया जातो. रानाला पाणी पाजायचं आणि वापशावर मुंबईला निघून जायचं, असलाच प्रकार.

गोळ्यांचंही तसंच. हा वेग येतो जखमेभोवतीच्या सुजेतून आणि पेशींच्या धावपळीतून. आयब्युप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या त्याच धावपळीला लगाम घालू शकतात. म्हणून बरेच डॉक्टर या काळात त्या टाळायला सांगून पॅरासिटामॉल देतात. घरातल्या डब्यातली कुठलीही गोळी उचलून खाऊ नका, आधी विचारा.

कुणी नादाला लागू नये?

तंबाखू, गुटखा, सिगारेट, आणि हो, मिश्री. आपल्याकडे घरातली आजी मिश्री लावते म्हणून पोरीही लावतात, आणि दवाखान्यात कुणी ते सांगत नाही. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो आणि जखम नीट भरत नाही. डॉक्टरांना खरं सांगा. त्याशिवाय हिरडीतून रक्त येत असेल, दात किडलेले असतील, साखर ताब्यात नसेल, हाडांच्या ठिसूळपणासाठी काही औषधं चालू असतील, तर आधी ते. दहावी-बारावीच्या वयातल्या मुलांना तर सहसा याची गरजच नसते. त्यांचं हाड मुळातच चपळ असतं.

आणि धोके? दुखणं, सूज, क्वचित जंतुसंसर्ग, हिरडी खाली सरकणं, व्रण, चुकीच्या जागी चीर गेली तर मुळाला इजा. प्रमाण थोडं असेल, पण शून्य नाही. त्यात खर्च ब्रेसेसच्या वर वेगळा.

मग कुणासाठी अर्थ आहे? एक, प्रौढ माणूस, पुढचं हाड पातळ, दात पुढे आणायचेत, हाडाची पूड भरायची गरज आहेच. इथं वेग हा बोनस, खरा फायदा हाडाचा. दोन, थोडी गर्दी, दात न काढता होणारी केस, आणि ठरलेल्या तारखेआधी संपवायचं ठोस कारण. तीन, ज्यांची जबड्याचीच शस्त्रक्रिया होणार आहे. तिथं हाड तसंही कापलं जातं, त्यामुळे वेग आपोआप मिळतो. जपानमधल्या सेंडाईच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये आधी जबडा, मग ब्रेसेस अशी उलटी पद्धत मांडली, तिच्यामागे हाही एक विचार होता.

"दादा, सात महिन्यांनी लग्न आहे"

असे मेसेज मला चार-पाच आलेत, सगळे मुलींचे. मुलांना कुणी दात विचारत नाही वाटतं. एकीनं लिहिलंय, घरचे म्हणतात ऑपरेशन करून घे, पण तार घालून बोहल्यावर चढू नको.

ताई, तुझी केस मी बघितलेली नाही. पण तुझ्यापुढे फक्त दोन पर्याय नाहीत, एवढं सांगतो. समोरचे दात ओळीत यायला पहिले काही महिनेच पुरतात बऱ्याच जणांना. वेळखाऊ असतं ते पुढचं, जागा बंद करणं आणि चावा बसवणं. ते फोटोत दिसत नाही. तेव्हा आत्ता नेहमीसारखी सुरुवात केलीस तर सात महिन्यांत फोटोपुरतं बरंच काम झालेलं असू शकतं. तार दिसू नये असं वाटत असेल तर दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट मिळतात. काही डॉक्टर लग्नाच्या आठवड्यापुरते पुढचे ब्रॅकेट काढून नंतर परत बसवूनही देतात. विचारून बघ.

आणि सासर दुसऱ्या गावी असेल तर हे आजच ठरव: लग्नानंतर उपचार कोण पुढे नेणार? एक्स-रे, दातांचे साचे, फोटो आणि उपचाराची योजना असं सगळं मागून घे. तो तुझा हक्क आहे. अर्धवट सोडलेला उपचार हा हळू चाललेल्या उपचारापेक्षा फार वाईट. आणि तुझ्या हाडाला भोकं पाडायची की नाही, हे घरच्यांनी नाही, तू ठरवायचंस.

मी काय ठरवलं?

माझ्या वरच्या दोन उपदाढा काढायच्या होत्या. जागा मोठी, चाव्याचं कामही बरंच. कागदावर हिशोब मांडला तर भोकांनी दोन-तीन महिने वाचले असते, तेही सगळं जुळून आलं तर. दर पंधरा दिवसांनी जाणं रिलीजच्या काळात मला जमलं नसतं. मी नको म्हटलं. माझ्या डॉक्टरांनीही मान डोलावली. पातळ हाडाची, थोड्या गर्दीची केस असती तर कदाचित हो म्हटलं असतं.

त्याऐवजी फुकटातले महिने वाचवतोय. ठरलेली तारीख चुकवायची नाही. एक ब्रॅकेट निघाला आणि तो तीन आठवडे तसाच राहिला की तो दात तीन आठवडे थांबला, किंवा उलटाही फिरला. म्हणून ऊस सोलून चावणं बंद, आता रसच. कणीस दाणे काढून. चिक्की नाही. मटणाचं हाड फोडणं नाही, तांबडा-पांढरा मात्र चालू आहे, तो कुठला डॉक्टर बंद करतो! मिसळीतला फरसाण आधी रश्श्यात भिजू द्यायचा. रात्री पाच मिनिटं जास्त घालवून ब्रश.

डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. माझ्या केसमध्ये एकूण किती महिने वाचतील? वेग किती पट वाढेल ते नको, महिने सांगा.

२. माझ्या उपचारातला कोणता टप्पा यानं लवकर होणार आहे?

३. भोकं एकदाच पाडायची की परत परत? प्रत्येक वेळचा खर्च किती?

४. त्या काळात किती दिवसांनी यावं लागेल?

५. शस्त्रक्रिया कोण करणार? ब्रेसेसचं काम ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं त्या विषयात एमडीएस केलेल्याचं. हिरडी उलगडायची असेल तर हिरड्यांचे किंवा जबड्याचे सर्जन लागतात. राज्य डेंटल कौन्सिलची नोंदणी विचारायला लाजू नका.

६. हे केलं नाही तर माझं नेमकं काय नुकसान होईल?

सहाव्या प्रश्नाला "काही नाही, फक्त थोडा वेळ जास्त" असं उत्तर आलं, तर घाई कुणाला आहे ते ओळखा. मन साशंक असेल तर दुसरं मत घ्या. आपल्या जवळ डेंटल कॉलेजं आहेत: नवे पारगावला तात्यासाहेब कोरे, सांगलीत भारती विद्यापीठ, कराडात कृष्णा, बेळगावात केएलई. ओपीडीत जाऊन एक्स-रे दाखवा, तिथं शिकवणारे डॉक्टर बसलेले असतात.

आणि एक शेवटचं. दात सरळ झाल्यावर रिटेनर मिळतो, तो लावायचा. हळू सरकवलेले असोत की भोकं पाडून, दात जुन्या जागेवर परतायला बघतातच. तिथं मात्र त्यांना कसलीही शस्त्रक्रिया लागत नाही.

चला मंडळी, एवढंच. आजूबाजूला कुणी तार बसवायला निघालं असेल तर त्याला हा भाग पाठवा. प्रश्न असतील तर आवाजात पाठवा, टाइप करायचा कंटाळा मलाही येतो. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!